सुईच्या आधीचा प्रश्न

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कुणाच्या सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली, की घरातली वडीलधारी माणसे आधी बजावतात, "सुई लावू देऊ नका, पसरेल." त्याच संध्याकाळी शिकलेला जावई किंवा मुंबईला नोकरी करणारा पुतण्या सांगतो, "अहो, तुकडा तपासल्याशिवाय कुणी औषध सुरू करत नाही." दोघेही खात्रीने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात निम्मे तथ्य असते. ज्याच्या पोटात गाठ आहे तो कॉटवर बसून एकदा याच्याकडे पाहतो, एकदा त्याच्याकडे.

या दोन निम्म्या तथ्यांचा हिशोब मराठीत नीट मांडणारे पुस्तक मला आजवर भेटले नव्हते. कल्याणच्या पुढे याच भागात काम करणारे एक इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट आणि एक पॅथॉलॉजिस्ट यांनी मिळून हे पुस्तक लिहिले, याचे मला विशेष वाटते. सुई घालणारा आणि सुईतून आलेले पाहणारा हे दोघे आपल्याकडे सहसा एकमेकांशी फोनवरही बोलत नाहीत. मी स्वतः पॅथॉलॉजीत आयुष्य घालवले आहे. तेव्हा तुकड्याच्या बाजूने माझा थोडा पक्षपात असणार. वाचकाने तो वजा करून घ्यावा.

यकृताचा कर्करोग पुढच्या टप्प्यात पोहोचलेला असताना, पोट न उघडता, सुईने किंवा नळीने काढलेल्या नमुन्यावरून निदान कसे करतात, आणि कधी करूच नये, हा या पुस्तकाचा विषय. त्यातला 'करूच नये' हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्तनाचा, आतड्याचा, फुप्फुसाचा कर्करोग म्हटला की तुकडा तपासल्याखेरीज उपचार होत नाहीत. यकृतपेशींचा कर्करोग, ज्याला डॉक्टर एचसीसी म्हणतात, तो या नियमाला मोठा अपवाद आहे. योग्य रुग्णात, योग्य स्कॅनवर, एकही सुई न लावता तो पक्का ठरवता येतो. अपवाद कुठवर चालतो आणि कुठे संपतो, हे कळले नाही तर दोन्हीकडून नुकसान होते: गरज नसलेल्याला सुई लागते, आणि गरज असलेला माणूस पसरण्याच्या भीतीने महिनोन्महिने कावीळ उतरवणाऱ्याकडे माळ घालून बसतो.

यकृतात सुई घालण्याचा इतिहास कर्करोगापासून सुरू होत नाही. १८८३ मध्ये बर्लिनला पॉल एर्लिख यांनी मधुमेही रुग्णाच्या यकृतातली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, पाहण्यासाठी सुईने नमुना काढला. ही पहिली नोंद मानतात. पुढची पन्नासेक वर्षे हा प्रकार तुरळकच राहिला. खरे वळण १९३९ मध्ये कोपनहेगनला आले. इव्हर्सन आणि रोहोल्म या दोघांनी काविळीच्या रुग्णांत सुईने तुकडे काढून दाखवले की साध्या काविळीत बिघाड पित्तनळीत अडकलेल्या चिकट बोळ्याचा नसतो, खुद्द यकृताच्या पेशी सुजलेल्या असतात. तोपर्यंत यकृत पाहायला मिळायचे ते शवविच्छेदनात, आणि मेल्यानंतर यकृत फार लवकर बिघडते. त्यामुळे जिवंतपणी आत काय चालले होते याचा अंदाज चुकत असे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यांमध्ये काविळीच्या साथी आल्या आणि या तंत्राला मागणी आली. लंडनच्या शीला शेरलॉक यांनी १९४५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला अनुभव मांडला, आणि यकृतरोगशास्त्र नावाची वेगळी शाखा उभी राहिली ती बऱ्याच अंशी या सुईच्या जोरावर. १९५८ मध्ये इटलीच्या जॉर्जिओ मेन्घिनी यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली, तिचे नावच 'एका सेकंदाची बायोप्सी' असे होते. श्वासाबरोबर यकृत वरखाली हलते. सुई आत जितका वेळ राहील तितके फाटण्याचे भय. मेन्घिनींनी तो वेळ एका सेकंदावर आणला.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा फारसा कुणाला ठाऊक नाही. १९८० च्या दशकापर्यंत आपल्याकडे सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना एक भयंकर रोग होत असे. पोट फुगायचे, यकृत दगडासारखे कडक व्हायचे, आणि बहुतेक मुले दगावायची; एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन. 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' असे त्याचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या मुलांच्या यकृताचे सुईने काढलेले नमुने तपासले. ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगवल्यावर पेशींत तांब्याचे कण भरलेले दिसत. तांब्याचे प्रमाण नेहमीच्या कितीतरी पट निघे. मग पुढचा प्रश्न आला, तांदूळ-दूध खाणाऱ्या बाळाच्या लिव्हरमध्ये तांबे येते कुठून? उत्तर स्वयंपाकघरात होते. अंगावरचे दूध लवकर तोडून गाई-म्हशीचे दूध सुरू केलेले, आणि ते कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात तापवून तसेच ठेवलेले. १९८३ मध्ये हा संशय 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, पुढच्या काही वर्षांत तो पुराव्याने भक्कम झाला, भांडी बदलली, आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. आजच्या बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी तो पाहिलेलाही नाही. सुईने बाहेर काढलेल्या इवल्याशा तुकड्याने इतके मोठे काम केल्याची दुसरी उदाहरणे वैद्यकात थोडीच सापडतील. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: सुई घालण्याआधी पुण्याच्या डॉक्टरांकडे प्रश्न होता.

हे सारे रोग अख्ख्या यकृतभर पसरलेले असत. कुठेही टोचले तरी नमुना मिळे, म्हणून आंधळेपणाने सुई घातली तरी भागत असे. गाठीचे तसे नाही. सुईतून येणारा तुकडा अख्ख्या यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या हिश्श्याएवढा असतो. नेम चुकला तर शेजारचे निरोगी यकृत येते आणि अहवालात 'कर्करोग नाही' असे खोटे समाधान. नेम धरायला डोळे मिळाले ते सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमुळे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा स्कॅन १९७१ मध्ये झाला, आणि त्या दशकाच्या अखेरपर्यंत पडद्यावर पाहत सुई नेणे रूढ होऊ लागले. त्याच काळात स्वीडनमधून बारीक सुईची, म्हणजे एफएनएसीची, पद्धत जगभर गेली आणि भारताने ती मनापासून उचलली. स्वस्त, झटपट, काचेवर पसरून तासाभरात उत्तर. छोट्या गावच्या लॅबलाही ती परवडली. यकृताच्या बाबतीत मात्र तिची मर्यादा लवकर कळली. चांगली घडण टिकवलेला एचसीसी आणि साधी यकृतपेशी सुट्या-सुट्या पाहिल्या तर जुळ्या दिसतात. फरक असतो तो पेशींच्या मांडणीत, आणि मांडणी दिसायला सलग तुकडा लागतो. म्हणून आज बहुतेक ठिकाणी १८ गेजची, साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची, स्प्रिंगवर चालणारी कोअर सुई वापरतात. तिच्यातून निघणारा नमुना शेवईच्या दीड-दोन सेंटिमीटर तुकड्यासारखा दिसतो. फॉर्मॅलिनच्या बाटलीत तो पाहून नातेवाईक हमखास विचारतात, "एवढ्याशावरून कळेल?" कळते, बाटलीत फॉर्मॅलिनऐवजी सलाइन नसेल तर.

आता चित्रवाद्यांकडे, म्हणजे स्कॅनवरचे निदान पुरे मानणाऱ्यांकडे, वळू. यकृताला रक्त दोन वाटांनी येते: सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून, उरलेले धमनीतून. एचसीसीची गाठ मात्र जवळजवळ पूर्ण धमनीवर पोसते. त्यामुळे औषध टोचून स्कॅन काढला की धमनीच्या पहिल्या लाटेत गाठ उजळते, आणि पुढच्या लाटेत शेजारचे यकृत उजळत असताना ती काळवंडते. सिऱ्होसिस असलेल्या माणसात ही उजळ-काळवंड जोडी इतकी खात्रीची ठरली, की २००० साली बार्सिलोनाला जमलेल्या युरोपीय तज्ज्ञांनी सुईशिवाय निदानाचे निकष मांडले. अमेरिकेने ते घेतले, सुधारले. २०११ पासून 'लाय-रॅड्स' नावाची श्रेणीपद्धत आली. आपल्याकडे भारतीय यकृतरोग संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पुरी शिफारशीं'नीही हीच दिशा धरली.

सुईविरुद्धचा चित्रवाद्यांचा सर्वांत मोठा मुद्दा आपल्या आजी-आजोबांचाच आहे. सुईच्या वाटेत कर्करोगाच्या पेशी सांडतात का? सांडतात. २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा होता २.७ टक्के. पुढच्या काळात, बाहेरून एक नळी ठेवून तिच्यातून सुई नेण्याची पद्धत आल्यावर, अनेक केंद्रांत तो त्याहून कमी आला. पण शून्य नाही. म्हणजे 'सुई लावली की पसरतो' ही समजूत इतर बहुतेक कर्करोगांत निराधार ठरत असली तरी इथे तिला पाया आहे, आणि डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेणे मला पटत नाही.

आता हा पाया कुणासाठी, ते पाहा. ज्याची गाठ लहान आहे, जी कापून किंवा यकृत बदलून तो पूर्ण बरा होऊ शकतो, त्याच्या पोटाच्या भिंतीत नवी गाठ पेरली गेली तर हातातली बरे होण्याची संधी जाते. त्याच्यासाठी शंभरात दोन-तीन ही जोखीम मोठी आहे. उलट ज्याचा रोग पोर्टल व्हेनमध्ये शिरला आहे, फुप्फुसात गेला आहे, त्याला सुईच्या वाटेवरची एक कणी काही वेगळे करत नाही. ती वाढून त्रास द्यायच्या आत मोठ्या प्रश्नांचा निकाल लागलेला असतो. म्हणजे भीती सर्वांत खरी असते ती सुरुवातीच्या टप्प्यात, आणि आपल्याकडे ती सर्वांत जोरात बोलली जाते ती शेवटच्या टप्प्यात, जिथे तिचे वजन उरलेले नसते. या पुस्तकाने हा उलटा हिशोब इतक्या स्पष्टपणे मांडला आहे की एवढ्यासाठीही ते घ्यावे.

मग पुढच्या टप्प्यात सुई केव्हा लागते? चित्र बोलेनासे होते तेव्हा. पसरलेला, कडा नसलेला एचसीसी ती उजळ-काळवंड जोडी अनेकदा दाखवत नाही. सिऱ्होसिस नसलेल्या यकृतात चित्राचे निकष सहसा लागू होत नाहीत. आणि हिपॅटायटिस बी सिऱ्होसिस न करताही कर्करोग करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लिव्हरमधली प्रत्येक मोठी गाठ लिव्हरची नसते. आतडे, स्वादुपिंड, स्तन, फुप्फुस यांचे कर्करोग यकृतात उतरतात, आणि मूळ जागेपेक्षा तिथे सुई पोहोचवणे सोपे असते. आपल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांत आणि वस्त्यांत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली हजारो कुटुंबे राहतात. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आहे, आणि तो शेजारच्या यकृतात असा घुसतो की स्कॅनवर कधी कधी मूळ कुठले ते ठरवता येत नाही. त्याचे औषध वेगळे. तिथे तुकड्याला पर्याय नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आर्जिनेज, ग्लायपिकन यांसारखे खास रंग लावून पेशी यकृताची की पित्तनळीची हे सांगता येते. या रंगांना वेळ लागतो; अहवाल आठ-दहा दिवस का अडकला, असे विचारणाऱ्यांनी पुस्तकातला हा भाग वाचावा.

आणि कधी कधी सुई चांगली बातमी आणते. 'लास्ट स्टेज' म्हणून घरी पाठवलेल्या माणसाच्या गाठीतून चॉकलेटी पू येतो, आणि ते अमिबाचे गळू निघते, जे साध्या गोळ्यांनी बरे होते. क्षयाच्या गाठी निघतात, लिम्फोमा निघतो. मी पाहिलेल्या चेहऱ्यांपैकी हे चेहरे विसरता येत नाहीत. हायडॅटिडची पाण्याची गाठ मात्र ओळखूनच सुई लावावी. तिला अजाणता टोचले तर पाणी सांडून जिवावर बेतू शकते.

नमुना काढण्याच्या वाटांविषयी थोडक्यात. बहुतेकांना बरगड्यांमधून, जागा बधिर करून, सोनोग्राफीखाली. पोटात पाणी भरले असेल, रक्त गोठत नसेल, तर मानेतल्या शिरेतून नळी थेट यकृताच्या शिरेत नेऊन आतून तुकडा घेतात. ही वाट चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये प्राण्यांवर दाखवली. रक्तस्राव झाला तरी तो शिरेतच होतो, हा तिचा फायदा. विशिष्ट गाठीवर नेम धरणे अवघड, हा तोटा. जठरात एंडोस्कोप नेऊन त्यावरच्या सोनोग्राफीने डाव्या बाजूच्या गाठीतला नमुना घेतात. दुर्बिणीने पोटात पाहून तुकडा घेणे आता क्वचित. प्लेटलेट पन्नास हजारांखाली किंवा रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, आयएनआर, दीडच्या वर असेल तर बरगड्यांमधून टोचण्यापूर्वी बहुतेक डॉक्टर थबकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती लपवू नये. सुईनंतर उजवा खांदा दुखला तर घाबरू नये. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागलेल्या रक्ताची कळ खांद्याकडे जाते. तीव्र पोटदुखी, घाम, चक्कर आली तर मात्र लगेच दाखवावे. जीव जाण्याची शक्यता दहा हजारांत एकाच्या आसपास मानतात. आणि लेखकांनी लिहिले नसते तर मी लिहिले असते: त्याच संध्याकाळी बदलापूर लोकलच्या गर्दीत लटकत घरी जाऊ नये.

या तंत्राला आज एवढी किंमत का आली, याचे उत्तर औषधांत आहे. २००७ पर्यंत पुढच्या टप्प्यातल्या एचसीसीवर आयुष्य वाढवणारे एकही औषध नव्हते, त्यामुळे नेमके निदान कळूनही उपयोग थोडा. मग सोराफेनिब आले. मुख्य चाचणीत त्याने सरासरी आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ वर नेले. म्हटले तर थोडे, पण त्याआधी काहीच नव्हते. भारतात बायर कंपनी महिन्याच्या गोळ्यांचे २,८०,४२८ रुपये घेत होती. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात पी. एच. कुरियन यांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला, देशातला पहिला, आणि तीच महिनाभराची गोळी ८,८८० रुपयांवर आली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हा निर्णय उचलून धरला. जगभर गाजलेला तो खटला लिव्हर आणि किडनीच्या वाढलेल्या कर्करोगावरच्या औषधाचा होता, हे आपल्याकडे वकिलांना आठवते, रुग्णांना नाही. पुढे २०२० मध्ये ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोडी आली. तिने सरासरी १९.२ महिने दिले, सोराफेनिबचे तिथे १३.४ होते. औषधे वाढली, महाग झाली, आणि कुणाला कुठले लागू पडेल हा प्रश्न आला.

इथे ऊतीवाद्यांची, म्हणजे तुकड्याचा आग्रह धरणाऱ्यांची, तक्रार आहे, आणि ती मला रास्त वाटते. बार्सिलोनानंतर वीस वर्षे सुई टाळत आल्याने यकृताच्या कर्करोगाचे तुकडेच साठले नाहीत. फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात तुकड्यावरून औषध निवडतात. यकृतात अजून चाचपडणे चालू आहे. नोंदणीतही याचे पडसाद दिसतात. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. नोंदणीत किती टक्के रुग्णांचे निदान सूक्ष्मदर्शकाने झाले याचा रकाना असतो, आणि यकृताच्या ओळीत तो इतर अवयवांपेक्षा नेहमी खाली असतो. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झाले तेव्हा तिथे पॅथॉलॉजीची घडी बसवणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांना हे कितपत रुचले असते, असा विचार मनात येतो.

तिसरा पंथ रक्ताचा. एएफपी हे प्रथिन १९६० च्या दशकात सोव्हिएत संशोधक अबेलेव आणि तातारिनोव यांनी यकृताच्या कर्करोगाशी जोडले, आणि आजही ते सूचक म्हणून कामाचे आहे. अनेक रुग्णांत मात्र ते वाढतच नाही. रक्तात सुटा फिरणारा डीएनए असतो हे १९४८ मध्ये फ्रान्सच्या मांदेल आणि मेतेस यांनी दाखवले होते. त्यावर आता 'लिक्विड बायोप्सी' उभी राहत आहे. ती येईल, पण आज ती सुईची जागा घेत नाही. लेखक तिच्याविषयी माझ्यापेक्षा जास्त आशावादी आहेत. महागड्या लॅबच्या पॅकेजमध्ये हे नाव पाहून पैसे भरणाऱ्या कुटुंबांना मी तरी थांबवीन.

आपल्या पट्ट्याचा खास हिशोब पुस्तकात जागोजागी आहे, आणि मला तो सर्वांत वाचनीय वाटला. १९४९ मध्ये 'उल्हासनगर' हे नाव मिळालेली निर्वासितांची छावणी आज सिंधी समाजाचे मोठे गाव आहे. या समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण जास्त. रक्ताची हिपॅटायटिस सी तपासणी देशात या शतकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली. त्याआधी दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवलेल्या मुलांपैकी अनेकांना तो विषाणू मिळाला, वर लोहाचा साठा. आज तिशी-चाळिशीत असलेल्या त्या पिढीच्या यकृतावर डोळा ठेवावा लागेल. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, पण सिऱ्होसिस झाला असेल तर कर्करोगाचा धोका उरतो. अंबरनाथला वालधुनीच्या पाण्याला दोष देणारे पुष्कळ भेटतात. नदी घाण आहे आणि तिच्यासाठी भांडलेच पाहिजे. पण लिव्हरच्या कर्करोगामागे मुख्यतः बी आणि सी विषाणू, दारू, आणि आता मधुमेहाबरोबर येणारे फॅटी लिव्हर आहेत. नदीवर बोट ठेवून घरातली बाटली आणि साखर सुटता कामा नये.

सोनोग्राफी आज प्रत्येक स्टेशनबाहेर होते, सीटीही. तुकडा काढणे आणि तो नीट वाचणे यासाठी मात्र लोक कळवा, सायन, परळ, भायखळा इथली मोठी रुग्णालये गाठतात. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आणि अंबरनाथचे छाया रुग्णालय यांच्यावरचा भार पाहिला की याचे नवल वाटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की पॅथॉलॉजी आणि रेडिऑलॉजीचे विभाग ओघाने आलेच. ते भरभरून चालू लागले तर या पुस्तकातली बरीच पाने जुनी होतील, आणि लेखकांना त्याचा आनंदच होईल.

पुस्तक कुणासाठी आहे? गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरसाठी, नर्सिंगच्या मुलींसाठी, आणि फाइल घेऊन धावणाऱ्या मुलासाठी किंवा सुनेसाठी. ते सुई कशी घालावी हे शिकवत नाही. सुईचा सल्ला मिळाल्यावर काय विचारावे ते शिकवते. स्कॅनवर निदान पक्के नाही का? उत्तर आल्यावर औषध बदलणार आहे का? रुग्णाच्या अंगात ते औषध सोसण्याची ताकद आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, कावीळ वाढली आहे, पोटात पाणी आहे, माणूस दिवसभर अंथरुणाला खिळून आहे, तर तुकडा काढून कुणाचेच भले होत नाही. "निदान पक्के तरी कळू दे" ही घरच्यांची इच्छा मी समजू शकतो. तिची किंमत रुग्ण मोजतो, हेही सांगायला हवे. अशा वेळी वेदनाशमनाचे प्रकरण उघडावे. मुंबईत 'शांती अवेदना सदन' १९८६ पासून आहे, पण कल्याणच्या पुढच्या घरांत मॉर्फिनचे नाव काढले तरी लोक दचकतात. लेखकांनी या भागाला दिलेली पाने मला कमी वाटली, आणि तसे मी त्यांना कळवले आहे.

एक व्यावहारिक गोष्ट त्यांच्या हातून निसटली, ती इथे जोडतो. तुकडा तपासून झाल्यावर तो मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, वर्षानुवर्षे टिकतो. दुसरे मत घ्यायचे तर ब्लॉक, स्लाइड्स आणि स्कॅनची सीडी तिन्ही लागतात. नुसता अहवाल पुरत नाही. लॅबकडून ते मागून घ्यावेत, पोच द्यावी, ब्लॉकवरचा क्रमांक अहवालाशी ताडून पाहावा. सरकारी योजनेत कर्करोगाच्या बहुतेक उपचारांसाठी तुकड्याचा अहवाल जोडावा लागतो. एचसीसी स्कॅनवर ठरला असेल तर डॉक्टरांकडून तसे लेखी घ्यावे, म्हणजे केवळ कागदासाठी सुई लावायची वेळ येत नाही. आणि मे महिन्यात ब्लॉक स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. मेण मऊ होते.